मच्छे ते माचू पिचू, व्हाया ताक्ना

मच्छे औद्योगिक वसाहतीत ज्याची स्वतःची शेड आहे आणि शेडीत दोन सीएनसी मशिनं आहेत, त्याने साठी झाली की तिरुपतीला जाऊन यावं, फारच झालं तर दुबई करावी, असा आमच्याकडचा रिवाज. आमचे मेव्हणे अण्णा यांनी एकदम पेरू देश काढला. तोही लक्झरी टूर. पेरू म्हटल्यावर जो विनोद सुचतो तो मच्छे, पिरनवाडी आणि हुंचेनट्टीत प्रत्येकाने एकेकदा करून झालेला आहे, तेव्हा तो इथे नको.

मुळात सुचलं व्हिसावरून. लेक न्यू जर्सीत, त्यामुळे पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता. तो चालू असला की भारतीयाला पेरूचा वेगळा काढावा लागत नाही, हे अण्णांना कुणीतरी सांगितलं. एक व्हिसा फुकट सुटतोय म्हटल्यावर ते वीसेक लाख घालायला तयार झाले. धंद्यातली माणसं अशीच हिशेबी असतात.

शहरातून एजंट आला, रंगीत कागद घेऊन. माचू पिचू जगापुढे आणणारा हायरम बिंगहॅम नावाचा अमेरिकन प्राध्यापक १९११ साली तिथे पोचला. आता त्याच्या नावाची आगगाडी आहे. निळे डबे, पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवण, शेवटच्या डब्यात वाजंत्री.

"गाडीत बसून खायचं आणि गाणी ऐकायची," अण्णा म्हणाले, "राणी चन्नम्मात आम्ही दुसरं काय करत होतो?"

एजंट हसला आणि कुस्कोकडे वळला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, कुस्को ३,४०० वर. नवख्याला धाप लागते, डोकं धरतं. पण काळजी नाही. तिथे एका जुन्या ख्रिस्ती मठाचं पंचतारांकित हॉटेल झालंय, जादा पैसे भरले की रात्रभर खोलीत ऑक्सिजन सोडतात.

"जादा म्हणजे किती?"

एजंटाने आकडा सांगितला. अण्णा शेडीच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. तिथे गॅस कटिंगचे दोन सिलिंडर साखळीने बांधून उभे होते. "रेग्युलेटर नवा घालूया," ते म्हणाले. एजंटाने हे लिहून घेतलं नाही. कुस्कोहून माचू पिचू जवळपास हजार मीटर खाली आहे, हे ऐकल्यावर तर अण्णांचं मनच उडालं. डोंगर बघायला उतरून जायचं, ही त्यांना फसवणूक वाटली.

एका चित्रावर मात्र ते अडकले. कुस्कोच्या एका बोळातल्या इंका भिंतीत बारा कोनांचा एक दगड आहे. चुना नाही, सिमेंट नाही. बाराही कोनांत शेजारचे दगड नेमके बसवलेले, आणि इंका लोकांकडे लोखंडाचं हत्यार नव्हतं. अण्णांनी मोबाइलवर ती सांध ताणून ताणून मोठी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि ऑपरेटरला हाक मारली. "बघ. फिलर गेज जाईल काय ह्यात? आणि तू मला कालचं फ्लँज दाखवतोस!" तो पोरगा त्या दिवसापासून इंका लोकांवर डूख धरून आहे.

वहिनींची अडचण वेगळी होती. कुस्कोत पाऊस नसतो तो मे ते सप्टेंबर. म्हणजे ऑगस्ट, म्हणजे श्रावण. "तिथं उंदरासारखं कायतरी भाजून खातात म्हणे. मी उपास करणार आणि खिचडी करून खाणार." त्यांनी साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, वाळकी मिरची अशी यादी काढली. आता बटाटा मूळचा तिकडचाच, पेरूत त्याचे तीन हजारांवर प्रकार पिकतात. शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही दक्षिण अमेरिकेतला, आणि बेळगाव तालुक्यात पोत्यांनी निघणारं रताळंसुद्धा. मी हे सांगून बसलो.

"मग खिचडीत आपलं काय, भावजी?"

"तूप, जिरं आणि उपास."

वहिनी रागावल्या, पण मी लगेच सिपान काढलं. उत्तर पेरूत १९८७ साली सिपानच्या सरदाराची कबर सापडली, सतराशे वर्षांपूर्वीची. त्याच्या गळ्यात हार होता भुईमुगाच्या शेंगांचा: एका बाजूला दहा सोन्याच्या, दुसऱ्या बाजूला दहा चांदीच्या, टरफलाच्या खाचांसकट. वहिनींनी फोटो दोनदा बघितला. बोरमाळ आहे, पोहेहार आहे, पुतळ्यांची माळ सासूबाईंची आहे; शेंगांचा हार पंचक्रोशीत कुणाकडे नाही. शहापूरच्या सराफाला नमुना दाखवायचा तर खरा हार आधी डोळ्यांनी बघायला हवा. लिमापासून उत्तरेला साडेसातशे किलोमीटर वाढले.

आणि मग अण्णांनी नकाशा मागितला. सीमाभागातल्या माणसापुढे कुठल्याही देशाचा नकाशा ठेवा, त्याची नजर राजधानीवर जात नाही, रेघेवर जाते. दक्षिणेच्या टोकाला चिलीच्या सीमेला चिकटून एक गाव होतं. ताक्ना.

"हे कुणाचं?"

१८७९ च्या युद्धात चिलीने पेरू आणि बोलिव्हिया दोघांनाही हरवलं. बोलिव्हियाचा समुद्रकिनारा गेला तो गेलाच. पण त्यांनी आरमार मोडलेलं नाही, टिटिकाका सरोवरात ठेवलंय. ("शाबास," अण्णा.) ताक्ना आणि आरिका चिलीने दहा वर्षं ठेवायचं, मग लोकांचं मत घ्यायचं, असं १८८३ च्या तहात ठरलं. मत कुणी द्यायचं यावरच भांडण लागलं आणि ते मतदान कधी झालंच नाही. अमेरिकेचे लवाद बसले, आयोग आले. अण्णा मान हलवत होते. बेळगावच्या सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाच्या वेळी ते बालवाडीत असले तरी त्याच्यावर रोज भाषण ऐकत वाढलेले. १९०१ साली ताक्नाच्या लोकांनी पेरूचा झेंडा मिरवायची परवानगी मागितली. चिलीच्या अधिकाऱ्याने दिली, एका अटीवर: घोषणा द्यायची नाही. सगळं गाव तोंड मिटून चाललं.

"मूक फेरी!" अण्णा उठून उभे राहिले. १ नोव्हेंबरच्या सायकल फेरीत त्यांची सायकल दरवर्षी असते. "पुढं? पुढं काय झालं?"

"१९२९ साली समझोता. ताक्ना पेरूला, आरिका चिलीला."

"म्हणजे सुटला?" ते बोटं मोजू लागले. "शेहेचाळीस वर्षांत? आणि अर्धाच?" थोडा वेळ त्यांना आनंद झाला की हेवा वाटला, ते कळेना. ताक्नात अजून दरवर्षी २८ ऑगस्टला तो झेंडा रस्त्याने नेतात, हे ऐकून त्यांनी तारीख तिथल्या तिथे पक्की केली.

एजंटाने कागदावर नवीन मार्ग आखला. एक टोक शेंगांच्या हाराला, दुसरं ताक्नाला, मधे सगळा देश उभा. "सर, ताक्नाचं लक्झरी पॅकेज कुणी विकत नाही."

"लॉज असेल की."

"असेल. पण आगगाडी, कुस्को... माचू पिचूचं काय करायचं?"

अण्णांनी वहिनींकडे बघितलं.

"टाइम मिळाला तर बघूया की," वहिनी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.