माझं बाष्पीभवन

मी मूळचा नांदेडचा. गोदाकाठचा माणूस असल्याचा एक माज असतो, तो माझ्यात पुरेपूर होता. एका बादलीत अंघोळ म्हणजे मला शिक्षा वाटायची. बी.एड.साठी लातूरला गेलो २०१५ साली आणि नेमका त्याच वर्षी हा अभ्यासक्रम एका वर्षाचा दोन वर्षांचा झाला. आधीचे लोक एका वर्षात मास्तर होऊन सुटले. आमच्या वाट्याला २० आठवड्यांची आंतरवासिता आली, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. विद्यापीठ नांदेडात, कॉलेज लातुरात, शाळा तिसऱ्याच गल्लीत, आणि या तिघांच्या मध्ये खडू घेऊन उभा मी.

विद्यापीठ आणि शाळांची भागीदारी, हे ऐकायला फार भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात कॉलेजचं शिक्का मारलेलं एक पत्र असतं. मुख्याध्यापकांनी ते न वाचताच विचारलं, "किती जण?" आठ म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्याच दुपारी दोघं पोषण आहाराचा तांदूळ मोजायला गेले, दोघं 'सरल'मध्ये मुलांची माहिती भरायला बसले आणि उरलेले ऑफ तासांवर. मी ज्या वर्गावर जायचो, त्या वर्गाच्या बाई तेवढ्यात बँकेत जाऊन यायच्या. त्या पोरांची नाडी ठाऊक असलेल्या खरं तर त्या एकट्याच. पण माझ्या पाठाला गुण द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. तो होता मागच्या बाकावर बसून त्या पोरांना पहिल्यांदाच बघणाऱ्या आमच्या प्राध्यापकांना. ही वाटणी ज्यानं केली त्याला माझा साष्टांग नमस्कार.

एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं, पाणवठ्यांवर जमावबंदी. १२ तारखेला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अख्खं शहर स्टेशनाकडे डोळे लावून होतं आणि मी टाचण काढत होतो. इयत्ता सहावी, घटक : जलचक्र.

टाचणात डावा रकाना शिक्षकाचा, उजवा विद्यार्थ्यांचा. मुलं काय उत्तर देणार तेही आदल्या रात्री आपणच लिहायचं. माझ्या मुलांनी आदल्या रात्री फार हुशारीनं उत्तरं दिली होती.

"मुलांनो, आपल्याला पाणी कोठून मिळते?"

"टँकरातून!"

रकान्यात 'पाऊस' होतं. "बरं, टँकरमध्ये कोठून येते?"

"रेल्वेतून!"

"आणि रेल्वेत?"

"मिरजेहून, सर!"

मला घाम फुटला. ढगाचं चित्र वर धरलं. "यातून खाली काय पडते?"

"काहीच पडत नाही, सर."

शेवटी मीच 'पाऊस' म्हणालो, मीच 'शाब्बास' म्हणालो आणि हेतुकथन उरकलं.

मग प्रयोग. शिपाई मामांच्या माठातलं चंचुपात्रभर पाणी स्पिरिटच्या दिव्यावर चढवलं. वाफ निघू लागली तसा वर्ग चिडीचूप झाला. एकही पोर हलेना. वर्गनियंत्रणाचे गुण खिशात, असं मी मनाशी म्हणतो न म्हणतो तोच दुसऱ्या बाकावरची मुलगी उठली.

"सर, पाणी कामून जाळायलाव? सरायलंय की ते."

मी टाचणात पाहिलं. उजव्या रकान्यात हे वाक्य नव्हतं. मग प्रशिक्षित शिक्षकानं जे करायचं तेच केलं. "खाली बस, शंका शेवटी," म्हणालो आणि फळ्यावर 'बाष्पीभवन' लिहिलं. मागे पाणी उकळतच होतं. दारात मामा येऊन उभे होते. ते फळ्याकडे बघत नव्हते.

निरीक्षण वहीत शेरा आला : 'प्रस्तावना लांबली. फलकलेखन सुवाच्य. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम.' पंचवीसपैकी एकोणीस.

पात्राच्या तळाशी दोन बोटं पाणी उरलं होतं. ते गार होईपर्यंत ती मुलगी थांबली आणि मग तिनं ते व्हरांड्यातल्या कुंडीत ओतलं. दुसऱ्या दिवशी मामांनी माठाच्या खोलीला कुलूप लावलं. पुढचे सगळे पाठ मी तक्त्यावर घेतले.