बारा जणांचा टॅब

टीम बदललेल्या डेव्हलपरला सगळे एकच विचारतात, ‘नवी लँग्वेज शिकावी लागली का हो?’ लँग्वेजचं काही नसतं. लूप सगळीकडे लूपच. जावातून पायथनमध्ये आलेल्याला महिरपी कंस गेल्याचं सुतक दोन दिवस असतं, तिसऱ्या दिवशी तो इंडेंटेशन मोजायला लागतो. डोकं खातात ती टूल्स, आणि तीही अवघड असतात म्हणून नव्हे. टूल शिकणं म्हणजे कुणाच्या तरी जुन्या अडचणी पाठ करणं, असं माझं ठाम मत आहे. मेक या बिल्ड टूलचंच बघा. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते 1976 साली बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्यात कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. आठ स्पेस दिल्या तर आपल्याला तेच दिसतं, पण मेकचं सोवळं मोडतं. हे गैरसोयीचं आहे हे फेल्डमन यांना लवकरच कळलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, त्यांना कशाला त्रास, म्हणून टॅब तसाच राहिला. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. व्हिम या एडिटरमध्ये कर्सर डावीकडे न्यायला एच आणि उजवीकडे न्यायला एल का? तर त्याचा पूर्वज व्हीआय बिल जॉय यांनी ज्या एडीएम-3ए टर्मिनलवर लिहिला, त्याच्या याच बटणांवर बाण छापलेले होते. टर्मिनल भंगारात गेलं, बाण बोटांत राहिले. आणि व्हिममधून बाहेर कसं पडायचं, हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न 2017 पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. महाभारताचं एका अभिमन्यूवर भागलं होतं.

यावर कुणी म्हणेल, हे आता एआय सांगेल की! सांगतोच, आणि मेकफाइल टॅबसकट बिनचूक लिहून देतो. पण शुक्रवारी डिप्लॉय करायचं नाही हा नियम कुठल्या शुक्रवारनंतर पडला, किंवा ‘टेस्ट’ नावाच्या सर्व्हरवर खरे ग्राहक कसे काय आहेत, हे कुठल्याच रिपॉझिटरीत नसतं. ते ज्याला माहीत असतं तो चहाला गेलेला असतो. दुसरा आक्षेप नव्याने आलेल्याचा स्वतःचा, साधारण पहिल्या महिन्यातला: हे सगळं मोडून स्वच्छ लिहू या. तसंही करून झालंय. गिटमधली चेकआउट ही कमांड ब्रांचही बदलायची आणि फाइलही पूर्ववत करायची. लोक गोंधळतात म्हणून 2019 मध्ये स्विच आणि रिस्टोअर अशा दोन वेगळ्या कमांड आल्या. चेकआउट मात्र काढली नाही, कारण ती वापरणारे आता डझनभर नव्हते. म्हणजे दोन कामांना तीन कमांड, आणि नव्या माणसाला तिन्ही शिकणं आलं.

मेकसाठी फेल्डमन यांना 2003 चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. टॅब अजून तिथेच आहे.