ड्रॉप किती?

ड्रॉपभाऊ तुमच्याही गावात असतीलच. आमचे आमगावात असतात आणि पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर घरी बसून राखतात. हाताखाली फाल्को नावाचा पहारेकरी. लिनक्सच्या कर्नलमधून येणाऱ्या हाका ऐकून कुणी नको ती फाइल उघडली, कुणी कंटेनरमध्ये शेल चालवला, हे तो सांगतो. सिसडिग कंपनीनं तो २०१६ साली बाहेर काढला आणि पुढे सीएनसीएफ या संस्थेच्या हवाली केला, हे मला भाऊंकडूनच कळलं. मी तेव्हा बांधीत, गुडघाभर चिखलात, रोवणीला उभा होतो.

भाऊंना चोरापेक्षा पहारेकऱ्याचाच संशय फार. फाल्को स्वतः किती सीपीयू खातो, किती मेमरी अडवून बसतो, ही मेट्रिक्स मुळात बंद असतात. भाऊंनी ती चालू केली. दर तासाला एक स्नॅपशॉट, लॉगमध्ये. लॉगमध्ये मात्र काही उमटेना, आणि भाऊ दोन दिवस जेवणावर रुसले. अखेर सापडलं: प्रायॉरिटी 'वॉर्निंग'वर होती, स्नॅपशॉट येतो 'इन्फो'च्या पायरीवर. तो दारातच अडत होता.

त्या स्नॅपशॉटमध्ये भाऊंना ड्रॉप भेटले आणि गावाचं स्वास्थ्य गेलं. घटनांचा लोंढा आला, बफर भरला, की पुढच्या घटना फाल्कोला न दिसताच निघून जातात. पण किती निसटल्या, तो आकडा हा पठ्ठ्या स्वतःच देतो! आपल्या हातून काय सुटलं हे आपणहून सांगणारा नोकर भाऊंनी जन्मात पाहिला नव्हता.

मग काय! लग्नात वरबापाला, "जेवले किती ते राहू द्या, ड्रॉप किती?" स्टेशनवर थांबणाऱ्या गाड्या मोजून दाखवल्या, की हावड्याकडे धडधडत गेलेल्या गाडीकडे बोट, "ड्रॉप किती?" पुढाऱ्यानं पुऱ्या केलेल्या कामांची यादी वाचली, मागून तोच आवाज. सभा तिथंच आटोपली. जवळचं पदमपूर हे भवभूतीचं गाव, असं आम्ही पाहुण्याला छाती फुगवून सांगत होतो. त्याची तीन नाटकं आज उपलब्ध आहेत, म्हणालो. भाऊ म्हणाले, "उरली तीन. ड्रॉप किती?" पाहुणा अजून विचारात आहे. उत्तर दिलं ते एकट्या गुराख्यानं. "दोन म्हशी," तो म्हणाला. त्या दिवसापासून भाऊ त्याला चहा पाजतात.

माणूस वैताग आहे, पण कामाचा आहे, हेही सांगायला हवं. ड्रॉप वाढले तेव्हा त्यांनी फाल्कोच्या नियमांना शिव्या न घालता बफर ८ एमबीवरून १६ केला आणि रात्रभर आकडा उतरताना पाहत बसले. शून्य झालेला आकडा स्नॅपशॉटमध्ये छापायचा नाही, अशीही सोय तिथं असते. "जे नाही, त्यानं जागा कशाला अडवायची?" हा भाऊंचा नियम.

त्यांच्या वडिलांना अलीकडे नावं आठवत नाहीत. मला तर ते दर वेळी नव्यानं कुठल्या गावचे म्हणून विचारतात. परवा सांज झाली तेव्हा त्यांनी भाऊंना विचारलं, "आज मी काही विसरलो का गा?" सकाळपासून ते औषध, नातीचं नाव आणि आपलं जेवण झालेलं, सगळं विसरले होते. मी भाऊंकडे पाहिलं.

"काहीच नाही, बाबा," भाऊ म्हणाले, आणि मला डोळ्यांनी दटावलं.