गुरुजीचं तळं अन् लेकाचं धरण

आमच्या धनज गावात दोन घरांच्या मधी तुराट्यांची कुड असते. तिच्यातून कोंबडी जात नाही, बातमी मात्र सरळ जाते. परवा काकू तिकडून भाजी निवडता निवडता बोलल्या.

"वहिनी, आयकलं का वो? गुरुजीले झोप नाही म्हणे."

"काऊन? शुगर वाढली का?"

"शुगर कायची! लेकानं अमेरिकेत घर घेतलं, घराच्या मागं तलाव. फोटो साऱ्या गावाले दाखवले त्याईनं. आता समजलं का थो तलाव काही देवानं नाही देला. मातीचं धरण हाय. आन् धरण सरकारचं नाही, थ्या घरवाल्यांच्या सोसायटीचं. सरकारच्या यादीत त्याच्यापुढं लिवलं हाय, हाय हझर्ड!"

वहिनी बीएस्सी झालेल्या. धुण्याची बादली तिथंच ठेवून कुडीजवळ आल्या.

"काकू, थो शिक्का धरणाच्या मजबुतीचा नसते. फुटलंच तं खाली माणसं मरतील का, इतलंच थो सांगते. पाळ किती का पक्की असंना, खाली घरं असली का 'हाय'. खाली नुसतं रान असलं तं 'लो', मंग पाळ भुसभुशीत का असंना. धरणाची तब्येत येगळ्या रकान्यात लिवतात. समाधानकारक, बरी, खराब, असं."

"म्हंजे पाळीखाली उद्या कोणी घर बांधलं तं 'लो'चं 'हाय' होते? धरण तं जागचं हाललं बी नाही!"

"होते ना. तिकडं यादीत 90,000 च्या वर धरणं हायेत, अर्ध्याच्या वर खासगी. मालकानं खर्च करावा, सरकारनं तपासावं, आन् मालक म्हणते पैसा नाही."

"मालक सारीकडचा सारखाच," काकू म्हणाल्या. त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं. तिकडं मालगुजारी तलाव, आपल्या वऱ्हाडात नाहीत तसे. पाळ मातीची, मालकी मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची. "आमची आजी सांगे, पावसाळ्याआधी गावच पाळीवर माती टाके. तलाव फुटला तं धान आपलंच जाईन, हे साऱ्याले ठावं. मंग 1950-51 च्या सुमारास मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. तवापासून पाळीवर माती कोणं टाकावी, याचाच वाद."

(यात काकूंचं माहेरप्रेम थोडं धरून चला. सगळेच मालगुजार काही गावाच्या भल्यासाठी जागत नव्हते.)

"मले सांग, आपल्या गुरुजीच्या वावरातल्या बांधाले कोणता शिक्का?"

इथं वहिनी थांबल्या. गुरुजींनी नाल्यावर स्वतःच्या खर्चानं मातीचा बांध घातला आहे, आणि खाली दोन गोठे अन् चार घरं आहेत.

"कोणताच नाही. 2021 चा धरण सुरक्षेचा कायदा 15 मीटरच्या वरच्या धरणाले. 10 ते 15 मधलं असलं तं लांबी 500 मीटर पायजे, नाही तं साठा 10 लाख घनमीटर, अशा अटी. आपलं अडाण धरण त्यात येते. पावसाळ्याच्या आधी आन् नंतर पाहणी होते, दोष निघाले तं तीन वर्ग पाडतात. पहिला वर्ग म्हंजे धरणच जाऊ शकते, तिसरा म्हंजे किरकोळ डागडुजी. गुरुजीचा बांध कायद्याले दिसतच नाही."

"पाण्याले तं दिसते."

मग दोघी जे बोलल्या ते इंजिनिअरनं लिहून घ्यावं असं. पोकलेननं काळी माती उपसली अन् तशीच ढिगानं रचली. थर नाही, पाणी मारणं नाही, रोलर तर नाहीच. काळी माती मे महिन्यात अशी फाटते की भेगेत हात जातो. पहिल्या पावसाचं पाणी त्याच भेगांनी आत शिरतं. सांडवा म्हणून चार इंची पाइप. बांध भरून वरून पाणी गेलं की मातीची पाळ तासा-दोन तासांत कापली जाते. घुशींची बिळं आहेत, पाळीवर बाभळी उभ्या आहेत.

"आन् पायथ्याशी वल असते, मी शेण्या थापाले जातो तवा पाह्यतो," काकू म्हणाल्या.

"पाणी कसं हाय? नितळ का गढूळ?"

"गेल्या साली नितळ होतं. पोळ्याच्या टायमाले जरासं मातकट वाटलं."

वहिनींचा चेहरा बदलला. "काकू, नितळ पाझर असला तं लक्ष ठेवा. गढूळ झाला म्हंजे पाळ आतून पोखरून राह्यली. यंदा लोट्यात धरून ठेवजा, बुडाशी माती बसते का पाहजा. तिकडं चिपळूणजवळ तिवऱ्याचं धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं. वीसेक माणसं गेली. गावकरी आधीपासून गळती सांगून राह्यले होते. मंत्री म्हणे, खेकड्याईनं पोखरलं."

"खेकडे काय दुसऱ्या दिवशी आले होते?"

तेवढ्यात गुरुजीच आले, हातात मोबाइल. "बरं झालं तुम्ही दोघी भेटल्या. मुलाला घर विकायला सांगू का?"

"लेकाचं नंतर पाहू, गुरुजी," काकू म्हणाल्या. "तुमच्या पाळीवरच्या बाभळी पाह्यल्या का?"

"त्या? उद्याच तोडतो!"

"नुसत्या तोडून भागत नाही," वहिनी म्हणाल्या. "मुळं आत सडतात, पोकळी राह्यते, पाण्याले आयती वाट. मुळासकट काढा, खड्डा थराथरानं ठोकून भरा. आन् सांडवा रुंद करा, पाइपानं काही होत नाही."

"म्हणजे पुन्हा जेसीबी?" गुरुजींचा आवाज खाली आला. "तासाचा भाव माहीत आहे का?"

"लेकाले फोन लावा ना," काकू भाजीकडं वळत म्हणाल्या. "डॉलर हायेत त्याच्यापाशी."