एक बाई पुरे!

शिरोलीच्या एमआयडीसीत आबांची फाउंड्री आहे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, आबा चेअरमन, आणि संचालक मंडळावर धाकटे बंधू, चुलत मेहुणे, शाळेपासूनचे दोन दोस्त. "सगळी आपली माणसं." असे आबा पिंपरीत, साताऱ्यात, नाशकातही सापडतात. कोल्हापूरचे जरा मोकळ्या आवाजात बोलतात, एवढाच फरक.

आबा स्त्रियांच्या बाजूचे आहेत. हे ते स्वतःच सांगतात. आठ मार्चला कारखान्यातल्या प्रत्येकीला गुलाब आणि वर आबांचं भाषण. भाषणात ताराराणी ठरलेल्या. "१७०० साली नवरा गेला, पंचवीस वर्षांचं वय, आणि पुढं सात वर्षं औरंगजेबाला झुंजवलं!" इथे आबांचा गळा खरोखर दाटतो. मात्र खुद्द ताराराणी संचालकपदासाठी आल्या असत्या, तर आबांनी अदबीने उठून विचारलं असतं, "ते सगळं खरं राणीसाहेब, पण कास्टिंगचा अनुभव?" (मेहुण्यांना हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. ते कापडाचे व्यापारी आहेत.)

२०१३ च्या कंपनी कायद्याने नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या मंडळावर किमान एक महिला संचालक सक्तीची केली. सेबीने आधी १ ऑक्टोबर २०१४ ची मुदत दिली, मग ती १ एप्रिल २०१५ पर्यंत वाढवली. आबांनी दोन्ही मुदती पुरेपूर वापरल्या. कर्तबगार बाई मिळत नाही म्हणून वर्षभर हळहळले. मार्चअखेर एका रात्री जेवणाच्या ताटावरून मान वर केली, तर समोर वहिनी! त्या मार्चमध्ये देशभरातल्या बऱ्याच चेअरमनांना असाच साक्षात्कार झाला.

वहिनींची डिजिटल सही अकाउंट्सच्या कपाटात राहू लागली. बारा महिन्यांत एकाही बैठकीला हजर नसलं तर संचालकपद जातं, म्हणून वर्षातून एकदा, अंबाबाईच्या दर्शनाला जोडून, वहिनी स्वतः येत. विशेष म्हणजे गावच्या सरपंचपतीवर आबांचा भारी राग. "पन्नास टक्के आरक्षण देऊन उपयोग काय? सही बायकोची आणि शिक्का ह्याच्या खिशात! लाज वाटायला पाहिजे." हे बोलताना शेजारी अकाउंटंट उभा असतो, हातात कपाटाची किल्ली घेऊन.

पुढे संकट आलं ते बाजाराच्या तेजीमुळे. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून एक स्वतंत्र महिला संचालक लागते, आणि स्वतंत्र म्हणजे प्रवर्तकांच्या नात्यातली चालत नाही. २०२१ साली आबांचा शेअर असा काही चढला, की कंपनी त्या हजारात जाऊन बसली. आपला शेअर वाढला म्हणून डोक्याला हात लावणारा प्रवर्तक मी तोवर पाहिला नव्हता.

शोध सुरू झाला. अट एकच: शिकलेली हवी, पण शंका काढणारी नको. "अख्ख्या जिल्ह्यात कंपनी कायदा कळणारी एक बाई नाही हो!" असं आबा ज्यांना सांगत होते, त्या कंपनी सेक्रेटरी मॅडम ते वाक्य इतिवृत्तात घ्यावं की नाही, याचा विचार करत होत्या. कारखान्यात कंपनी कायदा कळणारं ते एकच माणूस.

अखेर एक निवृत्त बँक अधिकारी बाई मिळाल्या. आबांचा पुढचा प्रश्न तयार होता. "मॅडम, आता ह्या आल्या, म्हणजे आमच्या हिला काढता येईल ना? एक पुरे न्हवं?" कायद्यातलं 'किमान' आबांच्या चष्म्यातून 'कमाल'च दिसतं. वहिनींनी राजीनामा दिला, पण बैठकीच्या मानधनावर पाणी सोडलं नाही. ते आता आबांच्या खिशातून जातं, असं ऐकतो.

नव्या बाई पहिल्याच बैठकीला कागद वाचून आल्या. ही प्रथा मंडळात नव्हती. पुतण्याच्या ट्रान्सपोर्टचं कंत्राट नूतनीकरणाला होतं. बाईंनी शांतपणे आणखी तीन ठिकाणचे दर मागितले. मेहुणे पाण्याचा घोट घेता घेता थांबले. आबांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला, आणि बाहेर येऊन माझ्यापाशी मन मोकळं केलं, "बाई लाख माणूस आहे हो. पण वाचते फार."

स्वतंत्र संचालकाची नेमणूक एका वेळी पाच वर्षांपर्यंत करता येते. आबांनी बाईंना दोन दिली आहेत.

तेव्हा वाचकहो, तुमच्या डिमॅट खात्यात अशा एखाद्या आबांचे दहा-वीस शेअर पडून असतील, तर वार्षिक सभेची नोटीस न वाचता पुसून टाकू नका. हल्ली बऱ्याच सभा व्हिडिओवर होतात, कोल्हापूर गाठायची गरज नाही. वक्ता म्हणून नाव नोंदवा आणि एवढंच विचारा: दुसरी बाई कधी?