संयमाचा फुकट क्लास

सकारात्मक वृत्ती, सहानुभूती, ‘कम्फर्ट झोन’च्या बाहेर पडणं वगैरे शिकायला पुण्या-मुंबईची मंडळी हजारो रुपये मोजतात. बेळगाव-निपाणीकडे हे सगळं सरकार फुकट शिकवतं. तेही एक नव्हे, दोन सरकारं: महाराष्ट्राचं आणि कर्नाटकाचं.

संयमाचा वर्ग १९५६ पासून, म्हणजे सीमावाद सुरू झाल्यापासून, भरतोय. १९६७ मध्ये या वादावर महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हा जन्मलेली पोरं आता मतदान करतात, दावा अजून पटलावरच. १ नोव्हेंबरला बेळगावात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची फेरीही. तज्ज्ञ ज्याला भावनिक लवचिकता म्हणतात, ती इथे पोलीस बंदोबस्तात अनुभवायला मिळते.

सहानुभूतीचं प्रात्यक्षिक फेब्रुवारी २०२५ मध्ये झालं. भाषेच्या वादातून बसवाहकाला मार पडला, सीमेपलीकडे जाणाऱ्या बसगाड्या अडल्या. निवेदनं राजधान्यांतून निघाली. पिशव्या घेऊन ताटकळले ते प्रवासी.

निपाणीच्या बाजारातल्या दुकानदाराने मात्र असला क्लास कधी लावलेला नाही. ‘बर्री अण्णा, काय देऊ?’ एवढ्यात त्याची दोन राज्यं उरकतात. उधारीही तो दोन्ही भाषांत मागतो. समजलं नाही म्हणायची सोय नाही.