उलटा कोट

‘कुटुंबासह सहज चालता येईल अशी वाट’ असं त्या पत्रकावर छापलं होतं. कुणाच्या कुटुंबासह, ते छापलं नव्हतं.

आमचं कुटुंब म्हणजे पाच माणसं. एक्सेटरला नोकरी करणारे लेक-जावई. सहा वर्षांची नात, जी चालते कमी आणि उड्या जास्त मारते. आपल्या डाव्या गुडघ्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं आदराने बोलणारी आमची ही. आणि सह्याद्री कोळून प्यायलेला मी.

“पाच-सहा किलोमीटर आहे,” लेक म्हणाली. “पोस्टब्रिजहून जंगलातून बेलेव्हर टॉरवर चढायचं, मग खाली नदीला उतरायचं आणि परत. बाबा, झेपेल ना तुम्हाला?”

हा प्रश्न मला! मी चहाचा कप खाली ठेवला. “अख्ख्या डार्टमूरचं सगळ्यात उंच टोक ६२१ मीटर. आमची कळसूबाई १,६४६. तिच्या कमरेलाही लागत नाही तुमचं डार्टमूर.”

“कळसूबाईला हे पहिल्या शिडीपाशीच बसून राहिले होते,” ही म्हणाली. “आम्ही सगळे देवीची ओटी भरून आलो.”

सामान सांभाळायला कुणीतरी लागतंच, हे बायकांना कळत नाही.

निघताना जावयांनी सगळं टेबलावर मांडलं: पाण्याच्या बाटल्या, रेनकोट, नकाशा, हिने केलेल्या धपाट्यांचा डबा. गाडीत मी पुढे बसलो. पोस्टब्रिजच्या रस्त्यावर म्हणे केसाळ हातांची एक जोडी वावरते. शंभरेक वर्षांची ही कहाणी आहे. गाडी रंगात आली की हे दोन हात हवेतून प्रकट होतात, स्टिअरिंग धरतात आणि गाडी रस्त्याखाली घालतात. जावयांनी गोष्ट चवीने सांगितली. त्यांचे स्वतःचेच हात चांगले केसाळ असल्यामुळे ही मागच्या सीटवरून उरलेला सगळा रस्ता त्यांच्यावर नजर ठेवून होती.

गाडी लावल्यावर नकाशा सापडेना. जावयांनी डिकी उपसली, सीटखाली हात घातले. “टेबलावरच राहिला असणार,” ते ओशाळून म्हणाले. लेकीने त्यांच्याकडे जे पाहिलं, ते पाहून मला माझ्या संसाराची आठवण झाली. मी मोठ्या मनाने म्हणालो, “नकाशा कशाला हवा? राजगडाला काय आम्ही नकाशे घेऊन गेलो होतो? वाट पायांना कळते.”

पहिली दहा मिनिटं खरोखरच कौतुकात गेली. पोस्टब्रिजला ईस्ट डार्ट नदीवर एक जुना दगडी पूल आहे. चुना नाही, कमान नाही. नदीत दगडांचे खांब रचलेत आणि त्यांवर ग्रॅनाइटच्या लाद्या आडव्या टाकल्यात. एकेक लादी चार मीटरहून लांब आणि आठ टनांहून जड. चौदाव्या शतकातल्या नोंदीत हा पूल आहे. कथिलाने लादलेली तट्टं यावरून जायची. आमच्या गल्लीतला पूल बांधल्यापासून तीनदा वाहून गेला, हा विचार मी मनातच ठेवला. नात पुलावरून सात वेळा गेली आणि सहा वेळा परत आली.

मूर म्हणजे आपलं माळरान, असं मी समजून चाललो होतो. दिसायला तसंच: झाड नाही, झुडूप तेवढं, पिवळ्या फुलांचं काटेरी गॉर्स, जांभळं हेदर, आणि मधूनच टेकाडावर राक्षसाने खेळून टाकून दिल्यासारखे ग्रॅनाइटचे ढीग. त्या ढिगांना टॉर म्हणायचं. पण आपलं माळरान कोरडं खडखडीत. इथे खालचा ग्रॅनाइट पाणी मुरू देत नाही, वरून पाऊस थांबत नाही, आणि मधल्या मधे पीट नावाची कुजक्या शेवाळाची काळी माती शतकानुशतकं पाणी पीत पडलेली. थोडक्यात, डोंगरावर पसरलेला ओला स्पंज. डार्टसारख्या नद्या त्यातूनच पाझरून निघतात. हे सगळं मला जावयांनी आधीच समजावलं होतं. मी तेव्हा मान डोलावत होतो, म्हणजे ऐकत नव्हतो.

जंगल ओलांडून टॉरखालच्या मोकळ्या जागेत आलो तर चार घोडी उभी. ठेंगणी, झिपरी, कपाळावरचे केस डोळ्यांवर आलेली, कॉलेजातल्या पोरांसारखी. ही घोडी रानटी दिसतात, पण प्रत्येकाला इथला कुणीतरी शेतकरी मालक आहे आणि त्यांना काही खाऊ घालायचं नाही, असा नियम आहे. आम्ही तो पाळला. घोड्यांनी पाळला नाही. हिने धपाट्यांचा डबा उघडला मात्र, लसणाच्या वासाने सगळ्यात थोराड घोडी सरळ चालत आली आणि हिच्या खांद्यावरून डब्यात डोकावू लागली. “हाड, हाड!” ही ओरडली. डेव्हनच्या घोडीला मराठी कळेना. नात म्हणाली, “आजी, तिला ‘गो अवे’ म्हण.” ही म्हणाली, “इतक्या ओळखीवर एकदम इंग्रजीत कशी बोलू?” शेवटी डबा बंद झाला, पाची जणांनी धपाटी चालता चालता खाल्ली आणि घोड्यांचा ताफा अर्धा फर्लांग वरातीसारखा मागून आला. या वरातीचं चित्रीकरण करण्यात जावयांच्या फोनची बॅटरी संपली. लेकीच्या फोनला रेंज नव्हती.

टॉरवर चढलो तेव्हा चहूकडे लख्ख दिसत होतं. मी एका शिळेवर पाय ठेवून, कमरेवर हात घेऊन शिवकाल या विषयावर बोलायला सुरुवात केली. अफजलखानापर्यंत आलो असेन, तेवढ्यात धुकं आलं. आलं म्हणजे असं की, आधी जंगल गेलं, मग घोडी गेली, मग जावई गेले.

“कुठून उतरायचं?”

“माझ्या मागे या,” मी म्हणालो. वाट पायांना कळते.

पायांनी आम्हाला वीस मिनिटांनी एका काटक्या झुडपापाशी आणलं. आणखी पंधरा मिनिटांनी पुन्हा त्याच झुडपापाशी. तिसऱ्या खेपेला मी जरा डावीकडे वळलो. तिकडे सुरेख हिरवीगार मखमल दिसली, आणि मी तिच्यावर पाय ठेवला. अशा दलदलीला इथले लोक ‘पिसांची गादी’ म्हणतात. माझा पाय गुडघ्यापर्यंत गादीत गेला. दोन केसाळ हातांनी मला बाहेर ओढलं. जावयांचे होते. बूट मात्र चिखलात हात घालून नंतर काढावा लागला.

“चकवा लागलाय,” ही शांतपणे म्हणाली. “आमची कोकणातली मावशी म्हणायची, चकवा लागला की बसून राहावं. गुडघाही तेच म्हणतोय.”

“चकवा नाही आजी, पिक्सीज,” नात म्हणाली. “त्या लोकांना गोल गोल फिरवतात. मग कोट उलटा घालायचा. आत बाहेर. मग त्या सोडतात.”

शाळेत हेच शिकवतात का, असं मी विचारणार होतो, पण ही तोवर माझ्या कोटाची बटणं काढत होती. “घाला उलटा. तुमच्यामुळेच हिंडतोय सगळे.”

दोन्ही देशांच्या भुतांपुढे माझं काय चालणार? धुक्यात उभं राहून, एका पायात बूट नसताना मी कोट उलटा केला. आतला खिसा बाहेर आला, आणि त्यातून घडी घातलेला नकाशा चिखलात पडला.

कोणी काही बोललं नाही. जावईही नाहीत, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. महत्त्वाची वस्तू आतल्या खिशात ठेवायची, ही स्वारगेटच्या खिसेकापूंनी मला लावलेली चाळीस वर्षांची सवय. सकाळी टेबलावर नकाशा दिसला आणि हाताने आपलं काम केलं.

ऑर्डनन्स सर्व्हे १७९१ पासून हे नकाशे करत आलंय. चार सेंटिमीटरला एक किलोमीटर या हिशोबात शेताची भिंत न भिंत दाखवलेली असते. झुडपामागे दिसणारी रचलेल्या दगडांची भिंत जावयांनी दोन मिनिटांत नकाशावर शोधली. भिंत धरून आम्ही उतरू लागलो. जाताना लेकीने जुन्या धाटणीच्या अक्षरांत छापलेलं एक नाव वाचलं: लिच वे. प्रेतवाट. या भागातल्या शेतकऱ्यांचं हक्काचं चर्च पार लिडफर्डला, एकोणीसेक किलोमीटरवर. तेव्हा माणूस गेलं की मूर तुडवत न्यायचं. १२६० मध्ये एक्सेटरच्या बिशपला दया आली आणि त्याने इथल्या दोन वाड्यांना जवळच्या वाइडकोमला जायची परवानगी दिली.

“मेल्यावर तरी चालायला नको,” ही म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं.

धुक्याखाली नदीचा आवाज आला, मग नदी आली. काठाने एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन येत होते. त्यांनी टोपी उचलली, माझा चिखलाने भरलेला पाय पाहिला, मग उलटा कोट पाहिला, आणि जाणत्याच्या आवाजात हिला विचारलं, “पिक्सीज?”

“नो,” ही म्हणाली. “हजबंड.”